ड्रॉवरमधली नळी

गेल्या गणपतीत सांगलीच्या घरी जेवणं चालली होती तेव्हा एका काकांनी धाकटीला विचारलं, "तू नक्की करतेस काय गं तिकडे?" धाकटी, म्हणजे माझी बहीण, केमिस्ट्रीत पीएचडी करते. तिचा घास गिळून व्हायच्या आत मीच उत्तर दिलं, "पिंजरे बनवते. आत पक्षी नसलेले." सगळे हसले. काकांना तर ठसका लागला. धाकटीही हसली, निदान मला तेव्हा तसं वाटलं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. कॅम्पसमध्ये मिळालेल्या पहिल्या नोकरीत सहा वर्षं टिकून आहे, वाकडला टू बीएचके आहे, त्याचा हप्ता आहे. घरात माझं काय चाललंय हे कुणाला विचारावं लागत नाही, कारण ते आकड्यात सांगता येतं. धाकटीचं तसं नाही. ती दक्षिणेतल्या एका संस्थेत धातू आणि सेंद्रिय रेणू एकत्र करून रेणूंचे पोकळ पिंजरे बनवते. हे वाक्य मला पाठ होतं. त्याचा अर्थ मी चार वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

जानेवारीत ती एक सॅक घेऊन माझ्या दारात उभी राहिली. फेलोशिपचे पैसे चार महिने आले नव्हते, आठ महिने एकच प्रयोग फसत होता, आणि ती गाईडला "तब्येत बरी नाही" सांगून निघून आली होती. "मला नोकरी बघ," म्हणाली. मी त्याच रात्री तिचा बायोडेटा मॅनेजरला पाठवला. मला आनंद झाला होता हे कबूल करते. मोठ्या बहिणीला जे जमतं ते करायची संधी मिळाली होती. तिला पायथनचा एक कोर्स लावून दिला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले.

संध्याकाळी परत आले तर धाकटी ओट्याशी उभी. उसळीसाठी भिजवलेले वाटाणे आणि टूथपिकचा डबा घेऊन काहीतरी जुळवत होती. "कोर्स झाला का?" विचारलं. "दोन तास झाला," म्हणाली, आणि माझ्या हातात वाटाण्यांचा एक चौकोन दिला.

तो चौकोन १९९० सालचा होता. जपानच्या चिबा विद्यापीठात माकोतो फुजिता यांनी केलेला. त्याआधी रसायनशास्त्रात मोठं वेटोळं बनवायचं म्हणजे शिक्षा असायची. लांब साखळी तयार करायची, तिची दोन टोकं एकमेकांना सापडावीत म्हणून भरपूर पातळ द्रावणात सोडायची आणि शेवटी जे थोडंसं हाती लागेल त्यावर समाधान मानायचं. फुजितांनी वेगळं केलं. पॅलेडियमच्या आयनाला चार शेजारी लागतात, अधिकच्या चिन्हासारखे चार दिशांना. त्यातल्या लगतच्या दोन जागा त्यांनी एका छोट्या रेणूनं आधीच अडवून टाकल्या. उरल्या दोन जागा, एकमेकींशी काटकोनात. म्हणजे हा झाला कोपरा. आता दोन्ही टोकांना नायट्रोजन असलेली एक सरळ, ताठ काठी घ्यायची. धातूला असं धरणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात. कोपरे आणि काठ्या पाण्यात मिसळल्या की चार कोपरे, चार काठ्या, चौकोन. खोलीच्या तापमानाला, जवळपास सगळ्याच्या सगळ्या मालाचा. पुढे १९९५ साली काठीऐवजी त्रिकोणी पत्रे घेऊन त्यांनी सहा पॅलेडियम आणि चार पत्र्यांचा खराखुरा पिंजरा केला. दहा तुकडे, आणि कुठला तुकडा कुठे बसवायचा हे कुणी सांगितलेलं नाही.

"कोणी सांगितलं नाही म्हणजे?" मी विचारलं. माझं अर्धं आयुष्य कुठल्या सर्व्हरनं कधी काय करायचं हे सांगण्यात जातं. दहा यंत्रणांना एकत्र आणायला आम्हाला तीन मीटिंगा लागतात.

"म्हणजे नाही सांगितलं. ढवळलं फक्त."

मला हे पटलं नाही, म्हणून ती झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. एक साधा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर काही कोपरे, काही काठ्या, सगळ्यांनी वाटेल तसं हिंडायचं. कोपऱ्याचा मोकळा हात आणि काठीचं टोक शेजारी आलं की चिकटायचं. शंभर ओळीसुद्धा नव्हत्या. रात्री एकला चालू केला. चौकोन झाला नाही. वाकड्यातिकड्या माळा झाल्या, माळांना माळा भिडल्या आणि दहा मिनिटांत पडद्याच्या मधोमध एक गुंता होऊन बसला. मी काठ्यांची संख्या बदलली, जागा वाढवली, वेग वाढवला. गुंता लहान झाला, मोठा झाला, पण गुंताच राहिला. दोन-अडीचशे कोपऱ्यांतून चुकून दोन चौकोन.

सकाळी धाकटी दात घासत मागे येऊन उभी राहिली. पडद्याकडे पाहिलं, तोंडातला फेस सांभाळत म्हणाली, "ताई, तू प्लॅटिनम बनवलंयस."

प्लॅटिनम हा पॅलेडियमचाच मोठा भाऊ. आवर्तसारणीत बरोबर त्याच्या खाली बसतो, त्यालाही चारच शेजारी लागतात, तेही त्याच अधिकच्या चिन्हात. पण त्यानं एकदा नायट्रोजनला धरलं की सोडता सोडत नाही. खोलीच्या तापमानाला प्लॅटिनमचे कोपरे घेतले की पहिल्या भेटीत जे जोडलं गेलं ते तसंच राहतं. बराच वेळ तापवल्याशिवाय तो हात सोडत नाही. पॅलेडियम सतत सोडतो आणि धरतो. तयार झालेल्या पिंजऱ्यातसुद्धा. माझ्या प्रोग्राममध्ये चिकटलेलं सुटण्याची सोयच नव्हती. मला ती चूक वाटली नव्हती. जोड पक्का असला की वस्तू पक्की, असं मी धरून चालले होते.

एक ओळ घातली. प्रत्येक जोड प्रत्येक पावलाला अमुक एवढ्या शक्यतेनं तुटेल. शक्यता फार कमी ठेवली तर पुन्हा गुंता. फार जास्त ठेवली तर नुसतं सूप, कोणी कुणाजवळ टिकत नाही. या दोन्हींच्या मध्ये एक अरुंद पट्टा सापडला. तिथे माळा जुळत होत्या, तुटत होत्या, आणि मधूनच एखादा चौकोन मिटायचा. मिटला की तो बाकीच्यांपेक्षा जास्त टिकायचा. माळेचं शेवटचं टोक एका जोडावर लटकत असतं, तो तुटला की तुकडा गेला. चौकोनातला एखादा जोड तुटला तरी तो तुकडा दुसऱ्या बाजूनं धरलेला असतो, आणि सुटलेला हात बहुतेक वेळा परत तिथेच बसतो. शिवाय चौकोनात कुणाचाही हात रिकामा नसतो. ऑफिसची कॉफी आणायला उठले आणि परत आले तोवर पडदा चौकोनांनी भरला होता. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी ऑफिसचं काम केलंच नाही.

जागा कमी केली, म्हणजे गर्दी वाढवली, तर चौकोन जास्त. जागा वाढवली तर, मी काठ्यांना जरा लवचीक केलं होतं म्हणून, त्रिकोण दिसायला लागले. मी हे मोठ्या शोधाच्या थाटात धाकटीला दाखवलं. ती म्हणाली, फुजितांना १९९६ मध्येच दिसलंय, काठ्या लांब घेतल्या तर पाण्यात चौकोन आणि त्रिकोण दोन्ही असतात आणि एकमेकांत बदलत राहतात. तरी तिनं खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. गणपतीनंतर पहिल्यांदाच.

पुढचे दहाएक दिवस असेच गेले. पायथनचा कोर्स मागे पडला आणि माझा कोर्स सुरू झाला. मला सगळ्यात आवडली ती कोनाची गोष्ट. काठी सरळ न घेता वाकडी घ्यायची, केळ्यासारखी, आणि पॅलेडियमचे चारही हात मोकळे ठेवायचे. मग पोकळ गोळे तयार होतात. एका बाकाला १२ पॅलेडियम आणि २४ लिगँडचा गोळा, जरा वेगळ्या बाकाला २४ आणि ४८ चा. २०१० साली फुजितांच्या गटानं कमी वाकलेले आणि जास्त वाकलेले लिगँड वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून सरासरी कोन हळूहळू बदलत नेला. १३१ अंशांपर्यंत सगळं मिश्रण लहान गोळा करत होतं. १३४ ला सगळं मिश्रण मोठा गोळा. मधलं काही नाही. थोडे लहान, थोडे मोठे, असं झालं नाही. तीन अंश म्हणजे किती ते पाहायला मी लॅपटॉपचं झाकण तेवढं हलवायचा प्रयत्न केला. दिसतसुद्धा नाही. २०१६ पर्यंत ते ४८ पॅलेडियम आणि ९६ लिगँडपर्यंत पोहोचले होते, १४४ तुकड्यांचा एक रेणू.

"आणि झालेला पिंजरा परत बदलायचा असेल तर?" मी विचारलं. हा प्रश्न तिला आवडला असावा, कारण तिनं उसळ ढवळायची थांबवली. जर्मनीत ग्विडो क्लेव्हर यांच्या गटानं २०१६ साली असा लिगँड वापरला जो प्रकाशानं आपला बाक बदलतो. अंधारात तीन पॅलेडियम आणि सहा लिगँडचं छोटंसं कडं. एका रंगाचा प्रकाश टाकला की कडी मोडतात आणि त्याच तुकड्यांचा २४ आणि ४८ चा गोळा होतो, साडेसहा नॅनोमीटरच्या आसपास. दुसऱ्या रंगाचा प्रकाश टाकला की गोळे मोडून पुन्हा कडी. पण जायचा आणि यायचा वेग सारखा नाही, एका दिशेला फारच हळू. "का?" "कारण वाट वेगळी आहे," धाकटी म्हणाली. "पोचायचं ठिकाण माहीत असलं म्हणून रस्ता सारखा नसतो ना." आणि लगेच बोट रोखून म्हणाली, "यावरून नात्यांबिट्यांवर काही लिहिलंस तर बघ." तिला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'मुंग्यांकडून शिका' छापाच्या गोष्टींचा मनापासून तिटकारा आहे. मलाही आहे, म्हणून लिहीत नाही.

काही पिंजरे पूर्ण मोडत नाहीत, नुसते अंग चोरतात किंवा फुगतात. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पार्थसारथी मुखर्जी यांच्या गटानं २०१२ साली सहा पॅलेडियमचा एक पिंजरा केला होता, भिंती जरा लवचीक असलेला. पुढे इस्राएलमध्ये रफाल क्लायन यांच्या गटानं त्याच पिंजऱ्यात प्रकाशानं आकार बदलणारे रेणू कोंबले. एरवी घट्ट जागेत अशा रेणूला हलता येत नाही. इथे पाहुणा वळला की घरही त्याच्याबरोबर वळतं.

एका रात्री मी अखेर तो प्रश्न विचारला, यावेळी हसण्यासाठी नाही. "या पोकळीचा उपयोग काय?"

ती बराच वेळ गप्प होती. मग पांढऱ्या फॉस्फरसची गोष्ट सांगितली. पांढरा फॉस्फरस हवेत आला की पेट घेतो, म्हणून पाण्याखाली ठेवतात. २००९ साली केंब्रिजला जोनाथन निच्की यांच्या गटानं लोखंडाचे चार आयन कोपऱ्यांना आणि सहा लिगँड कडांना असलेला पिंजरा पाण्यात तयार केला आणि फॉस्फरसचा रेणू त्यात जाऊन बसला. आता तो हवेत ठेवला तरी पेटत नाही. पिंजरा हवाबंद आहे म्हणून नव्हे. ऑक्सिजन आत शिरू शकतो. पण फॉस्फरसला ऑक्सिजन चिकटल्यावर जी वस्तू होईल ती त्या पोकळीत मावत नाही, म्हणून ती होतच नाही. बाहेर काढायचा असेल तर बेंझीन घालायचं, ते आत जातं आणि फॉस्फरस बाहेर येतो.

"पक्षी," ती म्हणाली. एवढंच. मला समजलं की गणपतीतलं वाक्य तिला शब्दन्‌शब्द आठवतंय.

तिचा स्वतःचा पिंजरा यातला सगळ्यात साधा होता. दोन पॅलेडियम, एक वर एक खाली, आणि दोघांना जोडणारे चार वाकडे लिगँड. डोळ्यांसमोर आकाशकंदील आणा. परदेशी शोधनिबंधांतही याला कंदीलच म्हणतात. तिचा लिगँड नवा होता, तो बनवायलाच सात पायऱ्या आणि दीड वर्ष गेलं होतं. पुढची पायरी म्हणजे फक्त मिसळायचं. आणि तिथेच आठ महिने. दर वेळी एनएमआर यंत्रातून येणारा आलेख म्हणजे रुंद, बसक्या टेकड्या. एकाच आकाराचे रेणू असते तर बारीक, टोकदार रेषा आल्या असत्या. टेकड्या म्हणजे सगळ्या प्रकारची खिचडी. तिनं तापवलं, गार केलं, द्रावक बदललं. दर सोमवारी गटाच्या मीटिंगमध्ये टेकड्या दाखवल्या.

इंटरव्ह्यू गुरुवारी होता. मंगळवारी रात्री साडेअकराला तिच्या फोनवर लॅबमधल्या एका ज्युनिअरचा फोटो आला. जाताना तिनं त्याला सांगून ठेवलं होतं की माझ्या ड्रॉवरमधल्या एनएमआरच्या नळ्या धुवून वापर, त्या महाग असतात. धुण्याआधी त्यानं, सवयीनं म्हणा किंवा दयेनं, एक नळी यंत्रात घालून बघितली. नळीवर डिसेंबरमधली तारीख होती. आलेखात एकही टेकडी नव्हती. टोकदार रेषा, एकीकडून दुसरीकडे, फणीच्या दातांसारख्या.

मला वाटलं ती उडी मारेल. तिनं फोन उशीवर फेकला आणि म्हणाली, "मी काहीच केलं नाही म्हणून झालं. मी नव्हते म्हणून झालं."

ते खरंच होतं. इतर प्रत्येक वेळी ती दुसऱ्या दिवशी आलेख काढत होती, खिचडी दिसली की ते द्रावण ओतून टाकत होती आणि नवीन लावत होती, कारण सोमवारी काहीतरी नवं दाखवायचं असायचं. तिच्या लिगँडचे तुकडे योग्य जागा शोधत होते. त्यांना पाच-सहा आठवडे लागत होते. तेवढा वेळ कुणी दिला नव्हता.

गुरुवारी ती इंटरव्ह्यूला बसली, माझ्या शब्दाखातर. पास झाली. शुक्रवारी ऑफरची मेल आली, आणि जेवताना ती म्हणाली, "रविवारी रात्रीची गाडी बघते."

मग भांडण झालं. मी आकडे काढले. पगाराचा, फेलोशिपचा, न आलेल्या फेलोशिपचा, बाबांच्या निवृत्तीला उरलेल्या महिन्यांचा, माझ्या हप्त्याचा. एक नळी चालली म्हणून चार वर्षांत तुझ्या हातात काय आलं, असंही म्हटलं. मॅनेजरला मी काय तोंड दाखवू, हेही म्हटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते. ती आवाज न चढवता बोलत होती, ती तशीच भांडते. म्हणाली, "ताई, तुला कधीच विचारावं लागत नाही की तू काय करतेस. मला दर सणाला विचारतात. आणि त्या दिवशी उत्तर तू दिलंस." मग म्हणाली, "तू सहा वर्षं त्याच टीममध्ये का आहेस, हे मी कधी विचारलंय?"

नव्हतं विचारलं. मी उठून भांडी घासायला घेतली. अर्ध्या तासानं ती शेजारी येऊन पुसायला लागली. आम्ही सॉरी म्हणणाऱ्यांपैकी नाही. मी एवढंच म्हटलं की काकांना मी फोन करून नीट सांगेन तू काय करतेस. "वाटाणे घेऊन सांग," ती म्हणाली.

रविवारी स्वारगेटला तिला बसमध्ये बसवलं. ऑफरला नकार कळवायचं काम माझ्याकडेच आलं. मॅनेजर चांगला माणूस आहे, फक्त "पुढच्या वेळी आधी विचारून घे" म्हणाला. काकांना फोन केला. पॅलेडियमपर्यंत ते ऐकत होते, मग "पण सोन्यापेक्षा महाग का गं?" इथे गाडी अडकली.

नळीत कंदील नव्हताच, ही पुढची गंमत. परत गेल्यावर तिनं वजन मोजणाऱ्या यंत्रात पाहिलं तर दोन पॅलेडियम आणि चार लिगँडच्या जागी चार पॅलेडियम आणि आठ लिगँड. बरोबर दुप्पट. शिवाय रेषाही अपेक्षेपेक्षा दुप्पट, म्हणजे प्रत्येक लिगँडची दोन टोकं आता वेगवेगळ्या परिस्थितीत आहेत. तिचा अंदाज असा की दोन कंदील एकमेकांत अडकलेत, एकाचा तळ दुसऱ्याच्या पोटात. ऐकायला अशक्य वाटतं, कारण दोन बंद कंदील एकमेकांत घालायचे तर कापावे लागतील. पण इथे सगळे जोड सुटत-धरत असतात, तेव्हा कापायची गरज नाही. २००८ साली टोकियोत रेइको कुरोदा यांच्या गटानं अगदी हेच पाहिलं होतं. आधी एकेकटे कंदील झाले आणि मग त्यांचे आपोआप दोन-दोन गुंतलेले. म्हणजे जे तिला हवं होतं ते नळीत मध्येच कधीतरी होऊनही गेलं असेल, कुणी बघत नसताना. हे सांगताना ती हसत होती. तिच्या गाईडना मात्र साधा कंदीलच हवा आहे, कारण दोन अडकले की आतली मोठी पोकळी संपते आणि पाहुण्याला जागा उरत नाही. त्यामुळे हे यश की अपयश यावर त्यांच्यात अजून वाद चालू आहे.

आणि अडकले आहेत हे अजून सिद्धही झालेलं नाही. त्यासाठी क्रिस्टल हवा, क्ष-किरणांत धरता येईल असा. छोट्या बाटलीत द्रावण, ती बाटली मोठ्या बाटलीत, मोठीत दुसरं द्रावक. त्याची वाफ हळूहळू आत जाते आणि पिंजऱ्यांना विरघळून राहणं अवघड होत जातं. अशा १२ बाटल्या तिनं शेल्फच्या मागच्या बाजूला ठेवल्यात, जिथे कुणाचा धक्का लागणार नाही. माझा प्रोग्राम आता त्रिमितीय झाला आहे. त्यात कंदील होतो, दोन अडकलेले मात्र अजून एकदाही झाले नाहीत. बहुतेक सुटण्याची शक्यता अजून थोडी वाढवावी लागेल.

काल रात्री तिनं सातव्या बाटलीचा फोटो पाठवला. तळाशी, डाव्या कोपऱ्यात काहीतरी चमकतंय. मी फोनवर दोन बोटांनी जितकं मोठं होईल तितकं केलं. "हाच का?" विचारलं.

"क्रिस्टल असेल. नाहीतर टिश्यू पेपरचा धागा."

"मग जरा हलवून बघ ना."

"हलवायचं नाही, ताई. झोप तू."